गुठळीचा वारसा आणि गर्भारपण

जखमेतून वाहणारे रक्त थोड्याच वेळात गोठते म्हणून आपण जगतो, आणि शरीरात फिरणारे रक्त गोठत नाही म्हणूनही आपण जगतो. या दोन गोष्टींतील तोल सर्वांत कठीण कसोटीला लागतो तो बाळंतपणात. दिवस भरत आलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असते. बाळ जन्मल्यावर वार सुटते आणि तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशयाचे स्नायू आवळून ही तोंडे दाबतात, उरलेले काम गुठळ्या करतात. या प्रसंगाची तयारी स्त्रीचे शरीर कित्येक महिने आधीपासून करते. रक्तातील फायब्रिनोजेन हे गोठणारे प्रथिन वाढते आणि गोठण्याला आवर घालणारे ‘प्रथिन एस’ कमी होते. म्हणजे गरोदर स्त्रीचे रक्त इतर वेळेपेक्षा लवकर गोठू पाहते.

आता एखाद्या स्त्रीचे रक्त जन्मतःच जरा अधिक गोठणारे असेल तर? तिच्या गर्भारपणात काय होईल? वारेच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन गर्भाचे पोषण तुटेल का? तसे असेल तर रक्त गोठू न देणारे औषध देऊन गर्भ वाचविता येईल का? हे प्रश्न सरळ आणि समंजस वाटतात. त्यांची उत्तरे मिळवायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि अखेरचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेप्रमाणे आले नाही. तो इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

दुधाचा पाय

बाळंतपणानंतर काही स्त्रियांचा एक पाय सुजतो, पांढराफटक पडतो आणि ठणकतो, हे युरोपातील वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये याचे कारण असे सांगत की, स्तनात न उतरलेले दूध पायात साचते. सूज पांढरी असते आणि ती बाळंतिणीलाच येते, तेव्हा कल्पना वरकरणी पटण्यासारखी होती. तिच्यावरूनच या रोगाला ‘दुधाचा पाय’ असे नाव पडले.

१८२३ साली लंडनमधील डेव्हिड डेव्हिस या प्रसूतितज्ज्ञाने अशा रोगाने मरण पावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या पायाकडून येणाऱ्या, ओटीपोटातील मोठ्या शिरा गुठळ्यांनी बंद झालेल्या होत्या. दुधाचा काही संबंध नव्हता; पायातले रक्त परत जाण्याची वाट अडली होती. पुढे जर्मन रोगविज्ञानी रुडॉल्फ फिर्खो याने दाखविले की, अशी गुठळी तुटून रक्ताबरोबर फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकू शकते आणि माणूस अचानक दगावू शकतो. हे लेखन १८५६ साली ग्रंथरूपाने आले. शिरेत गुठळी का होते याची तीन कारणे आज त्याच्या नावाने शिकविली जातात: रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचे घटक बदलणे. गर्भारपणात यांपैकी पहिले व तिसरे कारण हजर असते आणि प्रसूतीच्या वेळी दुसरेही येऊन मिळते. आजही हजार गर्भारपणांत एक-दोन स्त्रियांना अशी गुठळी होते.

लगाम आणि त्यांतील दोष

तिसऱ्या कारणाचा, म्हणजे रक्ताच्या घटकांतील बदलाचा, नेमका अर्थ कळायला १९६५ साल उजाडावे लागले. नॉर्वेतील ओलाव एगेबर्ग याने एका कुटुंबाची तपासणी केली. त्या घरातील अनेकांना शिरांत गुठळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या रक्तात ‘अँटिथ्रॉम्बिन’ हे प्रथिन साधारण निम्मेच होते. रक्त गोठण्याची गाडी पुढे नेणारे जसे घटक असतात तसे तिला लगाम घालणारेही असतात. अँटिथ्रॉम्बिन हा असाच एक लगाम. रक्त न गोठण्याचा, म्हणजे हिमोफिलियाचा, वारसा जगाला माहीत होता. गोठण्याकडे अधिक कल असण्याचाही वारसा असू शकतो हे येथे प्रथम स्पष्ट झाले. या प्रवृत्तीला थ्रॉम्बोफिलिया म्हणतात. आपण तिला गुठळीप्रवणता म्हणू.

यानंतर आणखी लगाम सापडत गेले. १९७६ साली स्वीडनमधील योहान स्टेनफ्लो याने गाईच्या रक्तद्रवातून एक प्रथिन वेगळे केले. पृथक्करणात ते तिसऱ्या क्रमांकाच्या थरात आले म्हणून त्याचे नाव ‘सी’ ठेवले. त्याचे जोडीदार प्रथिन अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात सापडले, म्हणून त्याचे नाव ‘एस’. प्रथिन सी जन्मतः कमी असलेले कुटुंब १९८१ साली आणि प्रथिन एस कमी असलेली कुटुंबे १९८४ साली नोंदली गेली. तरीही हे सर्व दोष दुर्मीळ होते. गुठळ्यांचे बहुसंख्य रुग्ण त्यांत बसत नव्हते.

कोडे सुटले ते १९९३ साली, पुन्हा स्वीडनमध्ये. माल्म येथील ब्यॉर्न डालबेक याच्याकडे वारंवार गुठळ्या होणाऱ्या एका माणसाच्या रक्ताचा नमुना होता. नेहमीच्या रक्तद्रवात कार्यान्वित प्रथिन सी मिसळले की रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. या माणसाच्या रक्तद्रवात ते मिसळले तरी वेळ फारसा वाढेना. लगाम शाबूत होता, पण घोडा त्याला दाद देत नव्हता. त्याच्या काही नातलगांचेही तसेच होते. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, हॉलंडमधील लायडेन येथे रोखिर बर्टिना आणि सहकाऱ्यांनी कारण शोधले. प्रथिन सी हे रक्त गोठविणाऱ्या ‘पाचव्या घटका’चे तुकडे करून त्याला निकामी करते. या घटकातील ५०६ क्रमांकाच्या जागी आर्जिनीन हे अमिनो आम्ल असते. तेथेच पहिला काप पडतो. रुग्णांच्या जनुकात एकच अक्षर बदलले होते, त्यामुळे आर्जिनीनच्या जागी ग्लुटामीन आले होते. कापण्याची खूणच पुसली गेली होती. या बदलाला शहराच्या नावावरून ‘लायडेनचा पाचवा घटक’ म्हणतात. १९९६ साली त्याच शहरात प्रोथ्रॉम्बिनच्या जनुकातील असाच दुसरा बदल सापडला.

आश्चर्य असे की, हा बदल मुळीच दुर्मीळ नव्हता. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरांत सुमारे पाच जण तो बाळगतात. सर्वांमध्ये तो एकाच पूर्वजाकडून, काही दहा हजार वर्षांपूर्वी आला असावा असे जनुकांच्या अभ्यासावरून दिसते. आफ्रिका आणि पूर्व आशियाच्या मूळ रहिवाशांत तो जवळजवळ नाही, आणि भारतातही युरोपच्या मानाने पुष्कळच कमी आहे. एवढा घातक बदल इतक्या लोकांत टिकला कसा? एक तर्क असा की, त्याने बाळंतिणींना वाचविले असेल. हा बदल असलेल्या स्त्रियांचा प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव काहीसा कमी असतो असे स्वीडनमधील अभ्यासांत आढळले आहे. रक्तपेढ्या नसलेल्या हजारो वर्षांत हा लाभ लहान नव्हता.

एक पटणारी कल्पना

येथून आपल्या प्रश्नाला खरी गती आली. गर्भपात किंवा मृत बालकाचा जन्म वारंवार होणाऱ्या अनेक स्त्रियांत कारण सापडत नाही. ‘पुढच्या वेळी काय करू?’ या त्यांच्या प्रश्नाला डॉक्टरांपाशी उत्तर नसते. आता एक उत्तर दिसू लागले. मृत गर्भांच्या वारेत कधी कधी गुठळ्या आढळतात, आईच्या रक्तात गुठळीप्रवणता सापडू शकते. मग दोन्हींचा सांधा जुळवायला कितीसा वेळ!

पुरावाही येऊ लागला. १९९६ साली युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, गुठळीप्रवणता असलेल्या ५७१ स्त्रियांपैकी १६८ जणींचा गर्भ गेला होता. ती नसलेल्या ३९५ जणींपैकी ९३ जणींचा. शेकड्यात सांगायचे तर २९ आणि २४. फरक बेताचा होता, पण उशिरा झालेल्या गर्भमृत्यूंत तो ठळक होता. १९९९ साली तेल अवीव येथील कुपफरमिंक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. गर्भारपणातील तीव्र रक्तदाबविकार, वार अकाली सुटणे, गर्भाची वाढ खुंटणे किंवा गर्भमृत्यू यांपैकी काही झालेल्या ११० स्त्रिया आणि निर्विघ्न बाळंत झालेल्या ११० स्त्रिया यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या गटात शेकडा ५२ जणींत तपासलेल्या जनुकबदलांपैकी एखादा सापडला, दुसऱ्या गटात शेकडा १७ जणींत.

औषधही हाताशी होते. हेपॅरिनचा शोध १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून लागला. हेपॅरिनचा रेणू मोठा असल्याने ते वार ओलांडून गर्भाकडे जात नाही. शिवाय एक उदाहरण डोळ्यांसमोर होते. काही स्त्रियांत गुठळीप्रवणता जन्मजात नसते. शरीरच स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्यातून गुठळ्या व गर्भपात होतात. अशा ९० स्त्रियांवर लंडनमध्ये झालेल्या चाचणीत (१९९७) नुसत्या अ‍ॅस्पिरिनने शेकडा ४२ जणींना, तर जोडीला हेपॅरिन दिल्यावर शेकडा ७१ जणींना जिवंत बाळ झाले. तेथे जमले ते येथे का जमू नये? २००४ साली फ्रान्समधील ज्याँ-क्रिस्तॉफ ग्रिस यांनी जन्मजात दोष असलेल्या १६० स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या ८० जणींपैकी २३ जणींचे, तर हेपॅरिन घेतलेल्या ८० जणींपैकी ६९ जणींचे गर्भारपण यशस्वी झाले होते.

मग अनेक देशांत गर्भपातानंतर जनुकतपासणी आणि पुढच्या खेपेला हेपॅरिन ही वहिवाट पडू लागली. हे औषध सुईनेच द्यावे लागते. रोज एक याप्रमाणे सात महिन्यांत दोनशेवर टोचण्या होतात. पोटावर काळेनिळे डाग पडतात, रक्तस्रावाची भीती असते, खर्च वेगळाच. बाळ हवे असलेली स्त्री हे सारे सोसायला तयार असते. म्हणूनच ते सोसण्याचा उपयोग होतो की नाही हे कळणे अगत्याचे होते.

मागे पाहणे आणि पुढे पाहणे

कुपफरमिंक यांच्यासारख्या अभ्यासात आधी आजारी आणि निरोगी असे गट करतात व मग मागे वळून कारण शोधतात. हा मार्ग झटपट आणि स्वस्त असतो, पण त्यात धोके आहेत. गट लहान असतात, निवडीत नकळत भेद शिरतो, आणि ज्या अभ्यासात ठळक फरक दिसतो तो छापला जाण्याची शक्यता अधिक असते. दुसरा मार्ग पुढे पाहण्याचा. सरसकट गरोदर स्त्रियांची आधी तपासणी करायची आणि नंतर कोणाचे काय होते ते पाहायचे.

अमेरिकेत असा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. ४,८८५ स्त्रियांपैकी १३४ जणींत लायडेनचा पाचवा घटक होता. गर्भ जाणे, रक्तदाबविकार, वार सुटणे, बाळाची वाढ कमी होणे, यांपैकी कशातच त्या इतरांपेक्षा वेगळ्या ठरल्या नाहीत. २०१० साली अशा पुढे पाहणाऱ्या सर्व अभ्यासांचे आकडे कॅनडातील मार्क रॉजर आणि सहकाऱ्यांनी एकत्र केले. हा घटक असलेल्यांत गर्भ जाण्याचे प्रमाण शेकडा ४.२ आणि नसलेल्यांत ३.२ निघाले. याच फरकाला ‘धोका जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढतो’ असेही म्हणता येते आणि ‘शंभर स्त्रियांमागे एक जास्त’ असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत, पण दवाखान्यात बसलेल्या स्त्रीच्या मनावर त्यांचा परिणाम एकसारखा होत नाही. गणिताच्या शिक्षकांनी शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

कल्पनेच्या मुळाशीही एक अडचण होती. गर्भारपणाच्या पहिल्या दहा आठवड्यांत आईचे रक्त वारेच्या पोकळीत मोकळेपणाने वाहू लागलेलेच नसते. गर्भाच्याच पेशींनी त्या वाहिन्यांची तोंडे बुजविलेली असतात. आणि बहुतेक गर्भपात याच काळात होतात. त्यांतील निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतील चुकांमुळे होतात. आईचे रक्त कसे गोठते याच्याशी त्यांचा संबंध नाही.

चिठ्ठी टाकून दिलेले उत्तर

तरी औषधाचा प्रश्न औषधाच्या चाचणीनेच सुटणार होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून वैद्यकाने मान्य केलेली पद्धत अशी: कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरने किंवा रुग्णाने ठरवायचे नाही, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोडायचे. म्हणजे दोन गट सर्व बाबतींत सारखे होतात आणि फरक पडला तर तो औषधाचाच असतो.

२०१० साली हॉलंडमधील ३६४ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. या स्त्रियांचे गर्भपात विनाकारण, वारंवार झालेले होते. अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिन मिळून घेणाऱ्या किंवा नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या स्त्रिया, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या पुढे गेल्या नाहीत. रॉजर यांच्या गटाने पाच देशांतील ३६ केंद्रांत गुठळीप्रवणता असलेल्या २९२ स्त्रियांची चाचणी घेतली. एवढ्या स्त्रिया मिळवायला त्यांना सुमारे बारा वर्षे लागली. २०१४ साली निष्कर्ष आले: गर्भारपणात ठरावीक गंभीर अडचणी हेपॅरिन घेणाऱ्या शेकडा १७ जणींना आल्या, न घेणाऱ्या शेकडा १९ जणींना. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता. राहता राहिला तो नेमका प्रश्न: जन्मजात दोष आहे आणि दोन किंवा अधिक गर्भपातही झाले आहेत, अशा स्त्रियांचे काय? ब्रिटन, हॉलंड आणि इतर तीन देशांत मिळून झालेल्या ३२६ स्त्रियांच्या चाचणीने २०२३ साली त्याचे उत्तर दिले. हेपॅरिन घेणाऱ्या १६२ जणींपैकी ११६ जणींना जिवंत बाळ झाले. न घेणाऱ्या १५८ जणींपैकी ११२ जणींना. शेकड्यात ७१.६ आणि ७०.९.

या दोन आकड्यांपैकी दुसरा अधिक बोलका आहे. औषध न घेता शंभरांतील सत्तर जणींची कूस उजवली. म्हणजे एखाद्या डॉक्टरने सर्वांनाच हेपॅरिन दिले असते तर त्याला शंभरांत सत्तर यशे दिसली असती आणि ती सगळी त्याने प्रामाणिकपणे औषधाच्या खात्यावर मांडली असती. त्या बायकांनीही.

हे वर्गात दाखविता येते. एका पिशवीत सारख्या आकाराचे सात पांढरे व तीन काळे मणी ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता एक मणी काढावा आणि परत टाकावा. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण बारा जणांना काळा मणी मिळेल. त्यांना पुढे बोलवा, मनगटाला दोरा बांधा आणि पुन्हा मणी काढायला सांगा. बहुतेकांच्या हाती आता पांढरा येईल आणि वर्ग दोऱ्याचा गुण मान्य करील. मग खेळ पुन्हा खेळा. या वेळी काळा मणी आलेल्यांपैकी निम्म्यांनाच, चिठ्ठ्या टाकून, दोरा बांधा. सहा-सहांच्या गटांत कधी दोरा जिंकेल, कधी हरेल. चार-पाच तुकड्यांचे आकडे एकत्र केले की दोन्ही गट एकमेकांच्या जवळ येत जातील. लहान चाचणी का फसवू शकते आणि मोठीसाठी बारा वर्षे का घालवावी लागतात, हे यातून मुलांना आपसूक कळेल.

काय उरले?

याचा अर्थ गुठळीप्रवणता हा भ्रम आहे असा मुळीच नाही. तिच्यामुळे खुद्द आईला पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका वाढतो. अँटिथ्रॉम्बिनची जन्मजात कमतरता असेल किंवा पूर्वी गुठळी झालेली असेल, तर गर्भारपणात व नंतर काही आठवडे हेपॅरिन देणे आवश्यक ठरू शकते. तेथे ते प्राण वाचविते. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या विकारातही अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिनचा उपचार कायम आहे. म्हणून चालू असलेले औषध कोणी वाचनाच्या भरवशावर थांबवू नये; तो निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यावा. ढासळले ते इतकेच, की जन्मजात दोष सापडला म्हणजे गर्भपाताचे कारण सापडले आणि हेपॅरिन त्यावर उतारा आहे. युरोपीय प्रजनन-वैद्यक संस्थेने २०१७ सालीच, गुठळीचा आणखी काही धोका नसेल तर, वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांत ही जनुकतपासणी संशोधनाबाहेर करू नये असे सुचविले.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. घरात काही अशुभ घडले की सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणण्याची रीत जुनी आहे. तिच्या जागी ‘हिच्या रक्तातच दोष आहे’ असा छापील अहवाल येणे अवघड नाही. अशा वेळी शाळेत शिकविलेले आनुवंशशास्त्र उपयोगी पडावे. हे बदल मुलाला आणि मुलीला सारखेच मिळतात, बापाकडून आणि आईकडून सारखेच येतात. तो बाळगणारे बहुसंख्य लोक कधीही आजारी पडत नाहीत. अहवालातील अक्षर खरे असेलही, पण त्यावरून गर्भ का गेला हे सिद्ध होत नाही.

आणि गर्भ गेलेल्या स्त्रीला सांगण्यासारखे जे आज खात्रीने माहीत आहे, ते याच चाचण्यांनी दिले आहे. दोन गर्भपात झालेले असोत, तपासणीत दोष निघालेला असो, सुई टोचून न घेताही तिच्यासारख्या दहांपैकी सात जणींच्या मांडीवर बाळ खेळले आहे.